काट्यावरचं स्वॅप

गाळप हंगामात कारखान्याचा वजनकाटा अडला की मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस ताटकळला की वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान थेट शेतकऱ्याचं. म्हणून काट्यावरून फोन आला की मी हातातलं काम टाकून निघतो.

त्या रात्री वीज गेली आणि यूपीएसनेही साथ सोडली. वीज आल्यावर काट्याच्या संगणकावरचं डेबियन लिनक्स सुरू झालं, काट्याचं सॉफ्टवेअर मात्र झालं नाही. काटा क्लार्कने ते हाताने चालू केलं, पावत्या निघू लागल्या, आणि पाळीचा अहवाल काढताना डेटाबेसच बंद पडला. मी पोचलो तेव्हा पावत्या पेनने लिहिणं चालू होतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवरच निदान केलं होतं: ४ जीबी रॅम पुरत नाही, वाढवा.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढे मारियाडीबी या डेटाबेसचं नाव होतं. मेमरी संपली की कर्नल सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला मारतो. इथे तो डेटाबेस. पण डिस्कवर २ जीबीचं स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम भरली की वापरायची डिस्कवरची राखीव जागा, असताना मेमरीचा हिशेब देणारी 'फ्री' कमांड स्वॅपपुढे शून्य दाखवत होती. मग 'एफएसटॅब' (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) आणि 'बीएलकेआयडी' (डिस्कवर प्रत्यक्ष काय आहे ते सांगणारी कमांड) शेजारी शेजारी ठेवून वाचले. दोन्हीकडचे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख क्रमांक, वेगळे. कुणीतरी मधे ते पार्टिशन 'एमकेस्वॅप'ने नव्याने बनवलं होतं. त्याने यूयूआयडी बदलतो, आणि एफएसटॅबमध्ये जुनाच राहिला होता.

क्लार्क म्हणाले, "साहेब, हल्ली हा उशिराच उठतो. लाल चांदण्या इकडून तिकडे फिरत बसतात." हीच ती खूण. यंत्र चालू होताना सगळं क्रमाने सुरू करणारं सिस्टमडी स्वॅपचं काम नेहमीच्या सर्व्हिसेसच्या आधी उरकतं. जुन्या यूयूआयडीचं पार्टिशन सापडेना म्हणून दीड मिनिट वाट बघायचं आणि स्वॅपशिवाय पुढे जायचं. रोज सकाळी पडद्यावर हे लिहून येत होतं!

यूयूआयडी दुरुस्त केला, सिस्टमडीने तो नव्याने वाचावा म्हणून 'डीमन-रीलोड' दिला, स्वॅप चालू करायला 'स्वॅपऑन -ए' केलं. इनिटरामएफएस, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी लोड होणारी छोटी इमेज, तिच्या 'रिझ्युम' फाइलमध्येही जुनाच यूयूआयडी होता, तोही बदलून इमेज नव्याने बांधली. ही फाइल बहुतेक जण विसरतात.

पण सॉफ्टवेअर आपोआप का सुरू झालं नाही, हे अजून उरलं होतं. ते कसं सुरू करायचं हे सिस्टमडीला सांगणाऱ्या त्याच्या युनिट फाइलमध्ये 'रिक्वायर्स' होतं, 'आफ्टर' नव्हतं. रिक्वायर्स म्हणजे मारियाडीबी हवीच. पण आधी कोण, ते रिक्वायर्स नाही, आफ्टर ठरवतं. ते नसलं की दोघं एकदमच सुटतात. एरवी डेटाबेस पटकन तयार होतो, त्यामुळे निभावून जायचं. वीज अचानक गेली की मारियाडीबीतला डेटा सांभाळणारं इनोडीबी आधी लॉगवरून सावरतं, त्याला वेळ लागतो, तोवर सॉफ्टवेअर कनेक्शन न मिळाल्याने मरून पडलेलं. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी दगा.

सॉफ्टवेअरवाले म्हणाले, सुरुवातीला 'स्लीप ६०', म्हणजे साठ सेकंद थांबायची कमांड, टाका. मी ठाम नकार दिला. साठ सेकंद हा अंदाज आहे. सावरायला सत्तर लागले तर पुन्हा रांग. मारियाडीबी तयार झाल्यावर सिस्टमडीला स्वतः कळवते, त्यामुळे 'आफ्टर'ची एक ओळ पुरते. ती घातली, जोडीला 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर', म्हणजे सॉफ्टवेअर कोसळलं तर पुन्हा सुरू कर.

पाळी बदलताना मोकळा वेळ मिळाला तेव्हा मुद्दाम मारियाडीबीला 'किल -९' देऊन, म्हणजे जबरदस्तीने बंद पाडून, लगेच यंत्राची वीजच तोडली आणि पुन्हा लावली. लाल चांदण्या नाहीत, स्वॅप २ जीबी, डेटाबेसमागोमाग सॉफ्टवेअर हजर. रॅम वाढवायला माझी हरकत नाही, पण तो खर्च या दुखण्याचा नव्हता. हीच युनिट फाइल त्यांनी इतर काट्यांवरही बसवलेली आहे, म्हणून बदललेली ओळ त्यांना त्याच रात्री पाठवली.