आधी पाणी मोजतो, मग झाडं लावतो: आमची वाटचाल

लातूरसारख्या गावात लोकांच्या बागा करून देण्यावर घर चालेल, यावर २०१० साली आमच्या नातेवाइकांत कुणाचाच विश्वास नव्हता. वडील औसा-निलंगा पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना ठिबक जोडून द्यायचे. ऊस, द्राक्ष, थोडा भाजीपाला. मी आणि धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली लॅटरल म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या अंथरत, त्या जोडायच्या रबरी कड्या (ग्रोमेट) बसवत, फिल्टर धूत तयार झालो. एका डॉक्टरांनी बंगल्याच्या आवारात ‘शेतात बसवता तसंच ठिबक बसवून द्या’ म्हणून बोलावलं आणि तिथून एकाचं पाहून दुसऱ्याचं असं काम वाढत गेलं.

ते दिवस शहर वाढण्याचे होते. क्लासेस, वसतिगृहं, दवाखाने, रिंग रोडकडच्या नव्या वसाहती. प्रत्येकाला दारात हिरवंगार लॉन आणि फॉक्सटेल पामची रांग हवी असायची. वडिलांची मात्र एक अट होती आणि ती आम्ही आजही मोडत नाही. झाडांची यादी करण्याआधी बोअर किती देतं ते मोजायचं, आणि तेही एप्रिलमध्ये. दोनशे लिटरचा ड्रम आणि हातातलं घड्याळ एवढंच त्याला लागतं. ड्रम किती मिनिटांत भरतो, मोटर किती वेळ सलग चालते, पाणी तुटल्यावर बोअर परत भरायला किती वेळ घेतं, हे सगळं वहीत लिहायचं. सप्टेंबरात मोजलेलं पाणी हे पाहुण्याचं पाणी, असं ते म्हणत.

मराठवाड्यात पाऊस नाहीच असं नाही. चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, पण तो जून ते सप्टेंबरात, तोही मोजक्या दिवसांत. खाली बेसाल्टचा काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात जेवढं मुरेल तेवढंच पाणी पुढे आठ महिने पुरवायचं. बोअर पाचशे फुटांवरून आठशे फुटांवर नेलं म्हणून पाणी वाढत नाही, फक्त लांबून ओढावं लागतं. एका जुन्या ग्राहकाने अलिबागजवळ घर बांधलं तेव्हा आम्हाला तिकडे नेलं होतं. कोकणात आमच्या तिप्पट-चौपट पाऊस, तरी जांभ्यातून आणि वाळूतून पाणी निघून जातं आणि मे महिन्यात तिथल्या वाड्यांवरही टँकर फिरतात. वर खारा वारा आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारं पाणी. तिथे खारं पाणी सोसणारं पॅस्पेलम गवत चालतं. ते इकडे आणून उपयोग नाही, आणि इकडची गणितं तिकडे लावूनही उपयोग नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळताना आम्ही पाहिल्या होत्या. तरी २०१६ साठी कुणाचीच तयारी नव्हती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. सांगलीच्या लोकांनी पाठवलेलं पिण्याचं पाणी गावात येत असताना कुणी गवतावर पाइप धरावा, हे आम्हाला पटणारं नव्हतं. त्या उन्हाळ्यात देखभालीच्या सगळ्या जागांवर लॉनचं पाणी आम्ही बंद केलं. काही ग्राहक रागावले, दोघा-तिघांनी काम काढून घेतलं. बाकीच्यांकडे धुण्याचं, अंघोळीचं पाणी बादल्यांनी आणून फक्त झाडं जगवली.

त्या उन्हाळ्याने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कोर्सने शिकवलं नसतं. पाम गेले, नाजूक झुडपं गेली. कडुलिंब, करंज, बहावा, शिरीष, कण्हेर, बोगनवेल, सीताफळ राहिले. कोरियन आणि सिलेक्शन गवताचे गालिचे जागोजाग गेले, पण ज्या दोन-चार ठिकाणी साधी हरळी होती ती वाळून मातीच्या रंगाची झाली आणि पावसाळ्यात परत फुटून आली. शेतकरी जन्मभर ज्या हरळीच्या मागे कुदळ घेऊन लागतो, तीच आमच्या कामाचा आधार आहे. तिची खोडं जमिनीखाली दडून राहतात. पाणी नसलं की ती झोपते, मरत नाही. तेव्हापासून ग्राहकाला आम्ही कामाआधीच सांगतो, मार्च ते जून लॉन पिवळं दिसेल, ते चालणार असेल तर लावू. ज्यांना ते चालत नाही त्यांना आम्ही लॉन लावून देत नाही.

यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे मंगल कार्यालयं. आमच्याकडे मोकळ्या जागेवरच्या कार्यालयाला लोक ‘लॉन्स’च म्हणतात. लग्नसराई एप्रिल-मेची, म्हणजे जेव्हा पाणी सगळ्यात कमी तेव्हाच गवत सगळ्यात हिरवं हवं. वर हजार-दीड हजार माणसांचे पाय, मंडपाचे खांब, केटरिंगच्या भट्ट्या. अर्धा एकर लॉनचा हिशोब मालकासमोर कागदावर मांडला की पुढचं बोलणं सोपं होतं. अर्धा एकर म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. भर उन्हाळ्यात गवताला दिवसाला सहा मिलिमीटर धरलं, तर एका चौरस मीटरला सहा लिटर, एकूण बारा हजार लिटर. म्हणजे रोज एक मोठा टँकर, आणि स्प्रिंकलरचं पाणी वाऱ्याने उडतं ते वेगळं. अडीच-तीन महिन्यांच्या टँकरची बेरीज मालक स्वतःच करतो.

मग आम्ही जागा फोडतो. स्टेजसमोर फोटोत येणारा छोटा पट्टा गवताचा, बाकी बसायची आणि जेवणाची जागा रोलर फिरवून घट्ट केलेल्या मुरमाची किंवा पेव्हरची. कडेने करंज आणि कडुलिंबाची सावली. सावली झाली की पाहुणे गवताकडे बघतही नाहीत, झाडाखालची खुर्ची शोधतात. राहिलेल्या गवताची निगा मात्र मनापासून करतो. लग्नं आटोपली की माती दगडासारखी दबलेली असते. काट्याच्या फावड्याने भोकं पाडून वर बारीक वाळू आणि कुजलेलं शेणखत पसरायचं, मग पावसाचं पाणी आत जातं. उन्हाळ्यात गवत बोटभर उंच ठेवायचं, एका कापणीत पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढायचा नाही. आणि रोज शिंपडायचं नाही. तीन-चार दिवसांआड, पहाटे, खोलवर ओल जाईल असं पाणी द्यायचं. रोजच्या शिंतोड्याने मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात गवत बसतं.

काळ्या मातीचं तंत्र वेगळं आहे. ती पाणी हळूहळू पिते, धरून ठेवते, आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे तासाला चार लिटर देणाऱ्या ड्रिपरचं पाणी आडवं पसरतं, म्हणून ड्रिपर लांब-लांब ठेवले तरी चालतात. पाणी मात्र थांबून-थांबून द्यायचं, नाहीतर वर तळं साचतं. बिल्डरने भरावात मुरूम टाकलेला असेल तर उलट. पाणी सरळ खाली जातं, तिथे ड्रिपर जवळ-जवळ आणि पाळी थोडी पण वारंवार. एकाच बंगल्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगणात दोन वेगळे व्हॉल्व्ह द्यावे लागतात ते यासाठी. झाड वाढलं की ठिबकचं वेटोळं खोडापासून दूर सरकवायचं, कारण पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात. वर सोयाबीनच्या भुसकटाचा, पाचटाचा किंवा पाल्याचा चार बोटं थर दिला की पाण्याची पाळी दिसण्याइतकी लांबते. हा पाला जाळणाऱ्यांशी आमचं कायम भांडण असतं.

बोअरच्या क्षारांनी ड्रिपर पांढरे पडून बंद होतात. वर्षातून दोनदा ॲसिड सोडून रात्रभर नळ्या भरून ठेवाव्या लागतात, सकाळी शेवटच्या टोप्या काढून धुवाव्या लागतात. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. घरात जड पाणी मऊ करायला बसवलेल्या सॉफ्टनरचं पाणी बागेला देऊ नये. त्यात सोडियम असतो आणि काळी माती त्याने चोपण होते, पाणी आत घेणंच थांबवते. वसतिगृहांच्या आरओमधून वाया जाणारं पाणीही खारट असतं. ते फरशी पुसायला, संडासाला वापरा. अंघोळीचं पाणी मात्र सोनं आहे. खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून ते काढलं, त्याच दिवशी झाडांना दिलं, की वासाची तक्रार येत नाही. एका मोठ्या वसतिगृहाची सगळी कडेची झाडं आज त्याच पाण्यावर आहेत.

संभाजीनगरला काम असलं की नव्या पोरांना पाणचक्की दाखवून आणतो. मलिक अंबरच्या काळापासून तिथे नहरींनी, नुसत्या उताराच्या जोरावर, डोंगराकडचं पाणी शहरात खेळवलं. मोटर नाही, वीज नाही. उतार नीट ओळखणं हेच आमच्याही कामाचं मूळ आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतं वाहून गेली, तेव्हा बागांतही पाणी न निघाल्याने झाडं गुदमरली. म्हणून आता प्रत्येक आराखड्यात दोन रेषा आखतो: उन्हाळ्यात पाणी येणार कुठून आणि पावसाळ्यात जाणार कुठे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता पन्नास हजार लिटर मिळतात. ते गटारात सोडून पुन्हा टँकर मागवणाऱ्या घरात आम्ही आधी गच्चीचा पाइप बोअरशेजारच्या शोषखड्ड्याकडे वळवतो, रोपं नंतर.

आमची माणसं बहुतेक बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या खेड्यांतली. त्यातली काही जोडपी पूर्वी ऊसतोडीला जायची, दिवाळीनंतर सहा-सहा महिने घर बंद. आता ती इथेच असतात, पोरं एकाच शाळेत शिकतात. देखभालीचं महिन्याचं काम नसतं तर हे जमलं नसतं, म्हणून नुसती बाग लावून देऊन मोकळं होण्याची कामं आम्ही कमीच घेतो. आमचे जुने माळी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मातीचा गोळा दाबून ओल सांगतात. त्यांच्या सुनेने दर जागेच्या वॉटर मीटरचं वाचन ठेवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून कुठे नळी फुटली, कुठे टायमर पावसातही चालू राहिला, ते आठवड्यात कळतं.

यंदा रोपवाटिका वाढवतोय. बहाव्याचं बी कठीण कवचाचं, कवच घासून किंवा गरम पाण्यात घालून भिजवल्याशिवाय उगवत नाही. करंज आणि कडुलिंब सोपे, पण कडुलिंबाचं बी ताजंच लावावं लागतं, ठेवलं की उगवणशक्ती जाते. सीताफळाच्या बिया धारूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून आणल्यात. रोपं दोन पावसाळ्यांची झाल्याशिवाय विकणार नाही. ज्यांना जूनमध्ये लावायची आहेत त्यांनी मार्चपासूनच खड्डे काढून उन्हात तापत ठेवावेत, आणि आम्हाला बोलावण्याआधी एप्रिलमध्ये आपल्या बोअरचा ड्रम भरायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजून ठेवावं.