टेम्पररी लिपिक म्हणून काढलं, मग मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) गेली: माझा अनुभव

मी नागपूरच्या एका सरकारी ऑफिसात टेम्पररी लिपिक-टंकलेखक होती. जाहिरात निघाली होती, टायपिंग टेस्ट झाली, मुलाखत झाली, म्हणजे कोणाच्या वशिल्यानं लागलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नेमणुकीच्या आदेशात नेहमीचं वाक्य होतंच, नियमित उमेदवार येईपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात, पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करता येईल वगैरे. आणि एक दिवस दोन ओळींचं पत्र हातात पडलं, आपल्या सेवेची आवश्यकता नसल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे. बस. आस्थापनेतले भाऊ म्हणाले, ताई, टेम्पररीचं काही नसते, काहून डोकं खराब करता, घरी जा.

हे अर्धंच खरं निघालं. सिव्हिल लाइन्सला एक वकील सर सर्व्हिस मॅटर म्हणजे नोकरीच्या केसेस बघतात, त्यांनी समजावलं की १९५७ ला सुप्रीम कोर्टानं पुरुषोत्तम लाल धिंग्रा केसमध्ये सांगून ठेवलंय, टेम्पररी माणसाचा पोस्टवर हक्क नसतो, नियमानं साधं काढता येतं, पण शिक्षा म्हणून काढत असाल तर घटनेचं कलम ३११(२) त्यालाही लागू, म्हणजे आरोप सांगा, चौकशी करा, त्याची बाजू ऐका. आता माझी गोची अशी की पत्रात आरोपच नव्हता. सर म्हणाले, "मॅडम, यांनी तुम्हाला कामचुकार म्हणून लिहिलं असतं ना तर बरं झालं असतं, इतकं गोड पत्र तोडणं कठीण असते." मला तर रागच आला होता तेव्हा.

मग त्यांनीच माहितीच्या अधिकारात माझ्या सेवासमाप्तीच्या फाईलची टिपणी मागायला लावली. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला, आधी नाही म्हणाले, प्रथम अपिलात गेल्यावर झेरॉक्स मिळाल्या, पानाला २ रुपये. आणि त्यात सगळं होतं! मी फायली दाबून ठेवते अशी कोणीतरी तक्रार केलेली, एका साहेबांनी परस्पर चौकशी करून टाकलेली, आणि खाली लिहिलेलं की तक्रारीत तथ्य आढळले, सबब सेवा समाप्त करावी. मला एका शब्दानं कोणी विचारलं नाही. १९७४ च्या शमशेर सिंग केसमध्येही सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की पत्राची भाषा साधी असली तरी मागे काय घडलं ते बघता येतं. काम जमत नाही असं साहेबांना वाटलं म्हणून काढलं तर ते चालून जातं, पण पाठीमागे चौकशी करून दोषी धरलं आणि त्याच आधारावर काढलं तर ती शिक्षाच. वरून माझ्या टेबलावर दुसरी मुलगी ११ महिन्यांच्या ऑर्डरवर आणून बसवली होती. एक टेम्पररी काढून तिथं दुसरा टेम्पररी बसवू नका, हे १९९२ च्या पियारा सिंग निकालात आहे.

आधी वरिष्ठांना लेखी निवेदन दिलं, मग मॅटमध्ये मूळ अर्ज. इथं एक वर्षाची मुदत असते, निवेदनाच्या उत्तराची वाट बघत बसू नका, वकिलाला मुदतीचं आधी विचारा. पुढे तारखा. सरकारची बाजू मांडणारे पी.ओ. (प्रेझेंटिंग ऑफिसर) दर वेळी उत्तराला वेळ मागून राहिले, डिसेंबर आला तर म्हणे अधिवेशनात सगळे साहेब विधानभवनात. त्याच दिवसांत यशवंत स्टेडियमकडे कंत्राटी लोकांचे मंडप लागले होते, सगळ्यांच्या बॅनरवर कायम करा, आणि मला खरंच वाटलं की आपणही तेच मागावं. सर ठाम नाही म्हणाले. सरकारकडून २००६ चा उमादेवी निकाल येणारच, कायम करण्याचा हक्क नाही म्हणून, आणि तसा तो आलाच. पण आम्ही कायम करा म्हटलंच नव्हतं, फक्त हे काढणं चुकीचं एवढंच म्हटलं, त्यामुळे तो निकाल आमच्या आड आलाच नाही.

आदेश रद्द झाला. मधल्या काळाचा पगार नाही मिळाला (त्याचं वाईट वाटतंच), रीतसर चौकशी करायची त्यांना मोकळीक ठेवली, आणि मी राहणार टेम्पररीच, नियमित उमेदवार येईपर्यंत. रुजू झाली, चौकशी अजून कोणी लावली नाही.

खूप जण विचारून राहिले म्हणून लिहिते, मॅट राज्य सरकारच्या थेट कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदवाल्यांना हायकोर्टात जावं लागते. आणि एजन्सीमार्फत लागलेले असाल तर आधी नेमणुकीचा कागद काढून बघा त्यावर सही कोणाची आहे, कारण एजन्सीची असेल तर वरचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही, तुमची लढाई वेगळी.