सॉफ्टवेअरनं टॉप रेटिंग दिलंय, लावू का?

सीझन सुरू झाला की रेसच्या दिवशी सकाळी फोनवर स्क्रीनशॉट येऊ लागतात आणि खाली एकच प्रश्न असतो: 'चौथ्या रेसमध्ये 6 नंबरला टॉप रेटिंग दाखवतंय. लावू का?' पाठवणारे बदलतात. कधी सोसायटीतले काका, कधी जुना ऑफिसमित्र, कधी बायकोचा मामेभाऊ. पुण्या-मुंबईच्या शर्यतींचे आकडे मी हौसेनं जमवतो आणि त्यावरून रेटिंग काढणारा एक घरगुती प्रोग्रॅमही चालवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: 'भाव काय आहे?' म्हणजे घोडा जिंकला तर लावलेल्या पैशाचे किती परत मिळणार. त्यावर समोरचा जरा नाराज होतो. त्याला घोडा हवा असतो आणि मी भावाच्या गोष्टी करत बसतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सविस्तर.

आधी एक घोळ दूर करू. रेसबुकात छापलेलं रेटिंग आणि सॉफ्टवेअरचं रेटिंग यांचं काम एकमेकांच्या अगदी उलट असतं. छापलेलं रेटिंग क्लबच्या हँडिकॅपरचं, म्हणजे घोड्यांची वजनं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं. आपल्याकडे पाचव्या क्लासात सगळ्यात कमी रेटिंगचे घोडे, चौथ्यात 20 ते 46, तिसऱ्यात 40 ते 66, दुसऱ्यात 60 ते 86 आणि सगळ्यात वरचे पहिल्यात. रेटिंगच्या एका अंकाला अर्धा किलो वजन. म्हणजे चौथ्या क्लासात 46चा घोडा 20च्या घोड्यासमोर उभा राहिला तर त्याच्या पाठीवर 13 किलो जास्त. जॉकी हलका असेल तर उरलेलं वजन खोगिरापाशी शिसं भरून पुरं करतात. हँडिकॅपरची इच्छा एवढीच की सगळे घोडे एका रेषेत विनिंग पोस्टवर, म्हणजे शेवटच्या खांबावर, यावेत. त्यामुळे 'रेसबुकात याचं रेटिंग सगळ्यात जास्त, म्हणून लावला' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो. ते जास्तीचं रेटिंग हँडिकॅपरनं आधीच त्या घोड्याच्या पाठीवर चढवलेलं असतं.

सॉफ्टवेअर याच्या उलट जातं. घोड्यानं मागच्या प्रत्येक धावेत किती वेळ घेतला, किती लेंग्थनं (घोड्याच्या अंगाइतक्या लांबीनं) हरला, वजन किती होतं, अंतर किती, ट्रॅक कसा होता, हे सगळं एका मापावर आणून ते एक आकडा काढतं. इंग्लंडात टाइमफॉर्म ही रेटिंगची संस्था हे 1948पासून करतेय. अमेरिकेत अँड्र्यू बायर या पत्रकाराचे स्पीड फिगर 1990च्या दशकापासून रेसिंगच्या वर्तमानपत्रात रोज छापून येतात. पद्धतीत गूढ काही नाही. हजार मीटरच्या रेसमध्ये एका लेंग्थचा फरक म्हणजे साधारण 3 पौंड वजनाचा फरक धरतात, मैलाच्या रेसमध्ये 2 पौंडांच्या आसपास. आता समजा एक घोडा हजार मीटरला दोन लेंग्थनं हरला, पण जिंकणाऱ्यापेक्षा 3 किलो जास्त घेऊन पळत होता. दोन लेंग्थ म्हणजे 6 पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. दोघं सारख्याच ताकदीचे निघाले, नव्हे हरलेला किंचित सरस. निकालाच्या पानावर हे दिसत नाही, रेटिंगमध्ये दिसतं. सॉफ्टवेअरची ही कमाई मी नाकारत नाही.

पण यातला प्रत्येक आकडा वेळेवर उभा आहे, आणि वेळेचा भरवसा ट्रॅकवर. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, मुंबईचा हिवाळ्यातला. पुण्यात जुलैच्या चिखलात 1200 मीटर मारणारा घोडा महालक्ष्मीच्या कोरड्या, टणक गवतावर तसाच पळेल याची खात्री नाही. शिवाय गवत वाचवायला आतली रेलिंग बाहेर सरकवतात. ती किती मीटर सरकवली त्यावर वळणातलं अंतर बदलतं आणि वेळही बदलते. सॉफ्टवेअरं बहुधा पूर्ण दिवसासाठी ट्रॅकची एकच दुरुस्ती लावतात: आज ट्रॅक अमुक इतका संथ होता, चला, सगळ्यांच्या वेळेतून तेवढं वजा करा. पुण्यात दुसऱ्या आणि पाचव्या रेसच्या मधे अर्धा तास सर कोसळून गेली की ही दुरुस्ती निम्म्या रेसेसना चुकीची ठरते. अशा दिवसाचे मी दोन तुकडे करतो. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय क्वचितच असते. म्हणून सहाव्या रेसमधल्या घोड्याला मिळालेलं भलंमोठं किंवा अगदीच किरकोळ रेटिंग त्याच्या पायांचं की पावसाचं, हे कळायला मार्ग नसतो.

समजा हे सगळं नीट झालं आणि रेटिंग बिनचूक निघालं. तरी ते सांगतं घोड्याबद्दल. पैसे आपण लावतो भावावर.

टॉप रेटिंगचा घोडा बहुतेक वेळा फेव्हरिटच, म्हणजे सगळ्यात जास्त पैसा लागलेला, असतो, कारण जी माहिती सॉफ्टवेअरकडे आहे तीच पैजा लावणाऱ्या निम्म्या लोकांकडे आहे. फेव्हरिट जगभर साधारण तीनातली एक रेस जिंकतात. त्यामुळे कुणी सांगितलं की आमचं टॉप रेटिंग तीनात एकदा येतं, तर त्यानं एवढंच सिद्ध केलं की त्याला भावांचा बोर्ड वाचता येतो. प्रश्न असा असायला हवा: माझ्या आकड्यानं या घोड्याची शक्यता किती, आणि बोर्डावरचा भाव किती शक्यता धरून चाललाय? माझ्या हिशेबात 30 टक्के आहे, तर 100 रुपयांना 333 परत मिळाले तर बरोबरी. बोर्ड 280 देत असेल तर घोडा कितीही आवडो, तिकीट नको. 450 देत असेल तर विचार करू.

यावर प्रचंड पैसा ज्यानं केला त्या बिल बेंटरचं उदाहरण द्यायलाच हवं. लास वेगासमध्ये पत्ते मोजणारा हा माणूस 1980च्या दशकात हाँगकाँगला गेला आणि त्यानं संगणकावर शर्यतींचं मॉडेल बांधलं. हाँगकाँग यासाठी आदर्श जागा: शा टिन आणि हॅपी व्हॅली हे दोनच रेसकोर्स, तेच ते घोडे पुन्हापुन्हा एकमेकांशी पळतात, नोंदी चोख, आणि टोटमध्ये (सगळ्यांच्या पैजा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या क्लबच्या खात्यात) पैसा अफाट. 1994 साली त्यानं आपली पद्धत एका निबंधात लिहून काढली. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा भाग मॉडेलचा नाहीच. त्यानं दाखवलं की मॉडेल जिथं लोकांच्या भावापेक्षा वेगळं बोलतं तिथं खरं उत्तर बहुधा दोघांच्या मधे असतं. मॉडेल म्हणतंय 20 टक्के, बाजार म्हणतोय 10, तर वास्तव कुठंतरी अधेमधे. कारण बाजाराला काहीतरी ठाऊक असतं जे मॉडेलला नसतं: घोड्याचा पाय सुजलाय, सकाळच्या ट्रॅकवर्कला तो ओढल्यासारखा धावला, तबेल्यातच कुणाला भरवसा नाही. म्हणून त्यानं बाजाराचा भावच आपल्या मॉडेलमध्ये एक घटक म्हणून घातला आणि मग पैसे लावले.

यातली मेख लक्षात घ्या. रेटिंग आणि भाव यांत जिथं मोठं अंतर दिसतं, तिथंच आपला हात शिवशिवतो. आणि जिथं आपलं रेटिंग चुकलेलं असतं, नेमकी तिथंच मोठी अंतरं दिसतात. पाच घोड्यांचा अंदाज बरोबर आणि सहाव्याचा फुगलेला असेल, तर तिकीट सहाव्याचंच काढलं जाणार. दुधी भोपळा घेताना सगळ्यात मोठा उचलावा आणि चिरल्यावर आतून जून निघावा, तशातली गत. म्हणून माझ्या 30 टक्क्यांना मी 30 टक्के मानतच नाही. बोर्ड 20 म्हणत असेल तर 24-25 धरतो. तेवढ्यावरही भाव पुरत असेल तर पुढची गोष्ट.

पुढची गोष्ट म्हणजे कर, आणि इथं मी जरा चिडूनच बोलतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कर लावताना मात्र तिला लॉटरी आणि कॅसिनोच्या पंगतीत बसवलं. आधी पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025पासून तो 40 टक्के झाला. म्हणजे 100 रुपयांच्या पैजेमागे खिशातून 140 जातात. टोट आपला वाटा काढून घेतो तो वेगळाच, बुकीही आपल्या भावात आपली सोय करून ठेवतो. वरचं उदाहरण घ्या. खरोखरच 30 टक्के शक्यता असेल तर बरोबरीला आता 333 नव्हे, 467 लागतात. 467 परत म्हणजे बाजार त्या घोड्याला जेमतेम 21 टक्के मानतोय. तुमचं रेटिंग 30 म्हणतंय, पूर्ण बाजार 21 म्हणतोय, तुमचंच शंभर टक्के खरं आहे, आणि तरी तुम्ही फक्त बरोबरीत! जिंकलेली रक्कम 10 हजारांच्या वर गेली तर 30 टक्के टीडीएस कापून उरलेली हातात येते, आणि हरलेली तिकिटं त्या उत्पन्नातून वजा करता येत नाहीत. बेंटरला हाँगकाँगमध्ये असा कर भरावा लागत असता तर त्यानं तो निबंध लिहिलाच नसता.

म्हणून 'मग रेटिंगचा उपयोग काय' असं कुणी विचारलं तर मी सांगतो, तिकीट न काढण्यासाठी. आदल्या रात्री रेसबुकात प्रत्येक घोड्यापुढं मी पेन्सिलीनं माझी टक्केवारी लिहून ठेवतो, बोर्डावरचा भाव पाहायच्या आधी. हे आधीच करणं फार गरजेचं, कारण भाव एकदा डोळ्यांसमोर आला की टक्केवारी आपोआप त्याच्याकडे झुकते. बेरीज 100 यायला हवी. एकाला वाढवायचं तर दुसऱ्याचं कमी करावं लागतं आणि तिथं मनातले लाडके घोडे उघडे पडतात. दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला की वाचत जायचं: नाही, नाही, नाही. बऱ्याच दिवशी सगळ्याच रेसेसना नाही येतं. रेसला येऊन रेस न खेळणारा म्हणून माझी टिंगल होते, ती होऊ दे. नवख्या घोड्यांच्या रेसमध्ये तर मी टक्केवारी लिहीतच नाही. जो घोडा आजवर पळालाच नाही त्याला सॉफ्टवेअर आईबापांवरून आणि ट्रेनरवरून सरासरी रेटिंग चिकटवतं. तो आकडा नसून शिष्टाचार आहे.

आणि पॅडॉकला जरूर जा. मुंबईत गर्दीच्या दिवशी तिथं रेलिंगला जागा मिळणं कठीण, पण रेसच्या आधी दहा मिनिटं घोडे समोरून फिरतात, आणि स्क्रीनवर न दिसणारं बरंच काही तिथं दिसतं. मागच्या मांड्यांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस, मान सारखी झटकणं, एका साईसला (घोडा सांभाळणाऱ्याला) आवरत नाही म्हणून दुसरा सोबत घेतलेला. एखादा घोडा नेहमीच तसा वागतो, तेव्हा त्याला फारसा अर्थ नसतो. नेहमी शांत असणारा आज फेसाळला असेल तर मात्र पेन्सिलीची टक्केवारी मी खाली आणतो. उलट दिशेनं कधीच नाही. दिसायला देखणा आहे म्हणून टक्केवारी वाढवायची नाही, कारण तसे देखणे पॅडॉकमध्ये निदान तीन तरी असतात.

राहिला प्रश्न 'कुठलं सॉफ्टवेअर घेऊ'. नावं मी सांगत नाही, कारण जे आज चांगलं आहे ते उद्या चार हजार लोकांनी घेतलं की त्याचं रेटिंग भावात उतरतं आणि निरुपयोगी होतं. पण घेण्याआधी विकणाऱ्याला विचारा की मागच्या सीझनच्या सगळ्या रेसेसची रेटिंगं द्याल का, नुसती जिंकलेली नकोत. प्रत्येक घोड्यापुढं शक्यता टक्क्यांत लिहिली आहे का? तारे आणि टाळ्यांची चित्रं कुणी विचारली नव्हती. नफा दाखवताना भाव कोणता धरलाय, सकाळचा की शेवटचा, आणि जीएसटी धरलाय का? टोटचा भाव पैजा बंद होईपर्यंत हलत असतो, त्यामुळे शेवटचा भाव पाहून निवडलेल्या घोड्यांवर दाखवलेला नफा हातात येईलच असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेटिंग रेसच्या आधी नोंदलेलं आहे ना? मागच्या निकालांवरून नियम बसवायचे आणि त्याच निकालांवर तपासायचे, तर कुठलंही सॉफ्टवेअर हुशार दिसतं.

मध्यंतरी मामेभावासाठी एका विक्रेत्याला मी हेच विचारलं. आढेवेढे न घेता त्यानं लगेच पूर्ण सीझनची फाइल पाठवली, रेटिंगं खरोखर थक्क करणारी होती. शेवटच्या रकान्यात नोंदीची तारीख होती. रेसेस रविवारच्या, नोंदी सोमवारच्या.