फेकलेल्या पाटीच्या आधी

गेल्या वर्षी दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल पहिले दोन महिने मी जे बोलत होते, ते आठवले की आजही मन खट्टू होते. तो मारकुटा आहे, हट्टी आहे, सांगितलेले ऐकत नाही, असे मी सहकाऱ्यांना सांगत असे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेत बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. माझी आजीही अहिराणीच बोलत असे. तरीही वर्गात उभी राहिले की मला फक्त पुस्तकातली मराठी ऐकू येई.

एके दिवशी श्रुतलेखन चालू असताना त्याने पाटी भिरकावली आणि शेजारच्याला ढकलले. मधल्या सुट्टीत ती पाटी मी उचलून पाहिली. तिच्यावर ‘शाया’, ‘डोया’, ‘काया’ असे तीन शब्द स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. शाळा, डोळा, काळा हे शब्द त्याने आपल्या घरच्या उच्चाराप्रमाणे अचूक लिहिले होते, आणि त्या तिन्ही शब्दांवर मी वर्गासमोर फुली मारली होती.

त्यानंतर पंधरा दिवस मी एका वहीत त्याची भांडणे टिपली. भांडण झाले एवढेच न लिहिता त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय घडले तेही लिहीत गेले. गणिताच्या तासाला आणि मैदानावर जवळजवळ काहीच घडत नसे. “माले येत नही” असे तो म्हणाला की मी “माले नाही, मला” असे सुधारायची, मुले हसायची, आणि त्यानंतर कोणाला तरी फटका बसायचा. आईला बोलावले तेव्हा ती म्हणाली, “घर ते त्यानं तोंड बंद ऱ्हास नही, मॅडम.” त्या एका वाक्याने माझा बराचसा गैरसमज दूर झाला, कारण घरी आपल्या बोलीत मोकळेपणाने बोलणाऱ्या मुलाला वाचादोष असण्याची शक्यता कमी असते, त्याला नवी भाषा पचवायला वेळ हवा असतो.

मात्र प्रत्येक वेळी कारण बोलीतच शोधणेही धोक्याचे आहे. त्याच वर्गातल्या एका गप्प मुलीलाही मी आधी ‘भाषेची अडचण’ असेच समजले होते. प्रत्यक्षात तिचा कान वाहत होता आणि तिला कमी ऐकू येत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तपासले तेव्हा ते कळले.

बालकांच्या शिक्षण हक्काच्या 2009च्या कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावे असेही त्यात म्हटले आहे. ही दोन कलमे मी प्रशिक्षणात वेगवेगळी ऐकली होती. बोलीला हसणे हाही छळच आहे, हे मला त्या पाटीने दाखवले.

मी फळ्याशेजारी ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’ असे दोन रकाने आखले. मुलाचे वाक्य तोडून सुधारण्याऐवजी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून तेच मराठीत शांतपणे परत म्हणू लागले. सूचना एका वेळी एकच, तीही हातवाऱ्यांसह देऊ लागले, आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजू लागले, जे मला सर्वांत अवघड गेले. श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीचे वर्णन तो उभा राहून अर्धे अहिराणीत, अर्धे मराठीत सांगत होता, तेव्हा वर्गात कोणी हसले नाही.

आता तो तिसरीत आहे आणि वर्ग माझ्याकडेच आहे. श्रुतलेखनात अजूनही तो मध्येच उठून पाण्याच्या माठाकडे जातो. मी थांबते, आणि तो परत येऊन बसला की पुढचा शब्द सांगते.