मधल्या नावापाशी अडलेलं रेड कार्ड

चौदा महिने लागले मला हे कार्ड मिळायला. त्यातला खरा अभ्यास आणि मेहनत जेमतेम सहा आठवड्यांची. बाकीचा सगळा काळ माझ्या नावात नवऱ्याचं नाव का आहे आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं, या एका प्रश्नात गेला. ज्यांना हे काम करायचंय त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणूनही.

काम म्हणजे जंगलाला आग लावायचं. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. इथून दक्षिणेला दीडेक तास गेलं की सँडहिल्सचा रेताड पट्टा लागतो. तिथे ‘सँडहिल्स गेम लँड’ ही सार्वजनिक शिकारीची जमीन आहे. राज्याचं वन्यजीव खातं ती सांभाळतं आणि परवाना काढून कोणीही तिथे हरणाची, रानटर्कीची, बॉबव्हाइट लाव्याची शिकार करू शकतो. हे जंगल दर दोन-तीन वर्षांनी मुद्दाम, आखून, एकेक तुकडा करून जाळतात. सगळे त्याला नुसतं ‘बर्न’ म्हणतात.

२०२३ मध्ये पक्षी बघायला गेले होते तेव्हा पहिल्यांदा ती काळी जमीन पाहिली आणि पोटात धस्स झालं. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. वणवा म्हणजे काय ते मी पाहिलंय. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरून उतरणारी आग काजूच्या बागेत शिरली की दहा वर्षांची मेहनत एका दुपारी जाते. त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्याला मी जरा तावातावानेच विचारलं, हे कोणी केलं? तो म्हणाला, ‘आम्हीच.’ आणि त्याने मला गुडघ्यावर बसवून एक रोप दाखवलं. दिसायला गवताचा झुबका. ते लाँगलीफ पाइनचं रोप होतं. काही वर्षं ते असंच जमिनीलगत राहतं. मधला कोंब लांब हिरव्या सुयांच्या आत लपलेला असतो, आग वरून निघून जाते आणि कोंब वाचतो. आग आली नाही तर आजूबाजूला ओक आणि स्वीटगम माजतात, सावली करतात, खालचं वायरग्रास नावाचं गवत मरतं. लाव्याच्या पिल्लांना चालायला गवताच्या बुंध्यांमध्ये मोकळी जमीन लागते, टिपायला किडे लागतात. झुडपं दाटली की दोन्ही जातं. एके काळी या झाडाचं जंगल सुमारे ९ कोटी एकरांवर होतं. तोडीमुळे, शेतीमुळे आणि विसाव्या शतकात आगी विझवत राहिल्यामुळे ते ३० लाख एकरांच्या आसपास आलं. त्याच्याबरोबर रेड-कॉकेडेड वुडपेकर हा छोटा सुतारपक्षीही संपत आला होता. जुन्या, जिवंत पाइनमध्येच ढोली कोरणारा हा पक्षी २०२४ मध्ये ‘संकटग्रस्त’ वर्गातून कमी धोक्याच्या वर्गात आला, त्यात या आगींचा मोठा वाटा आहे.

मी शिकार करत नाही, आमच्या घरात मांसाहारही नाही. ‘मग शिकाऱ्यांच्या जमिनीवर कशाला राबतेस?’ असं मैत्रिणींनी विचारलं. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर कर बसतो, लांब बंदुकांवर ११ टक्के. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. म्हणजे मी ज्या पक्ष्यासाठी दीड तास गाडी हाणते, त्याचं घर शिकाऱ्याच्या पैशावर उभं आहे. हे कळल्यावर निदान अंगमेहनत तरी द्यावी असं वाटलं.

प्रशिक्षण अवघड नाही. आगीच्या वागण्याचा एक कोर्स, अग्निशामकाच्या कामाचा एक, आणीबाणीच्या व्यवस्थापनाचे दोन छोटे. बरंचसं ऑनलाइन होतं. मग एक दिवस प्रत्यक्ष मैदानात, आगीपासून बचावाचा तंबू काही सेकंदांत उघडून त्यात पालथं पडायचा सराव. आणि पॅक टेस्ट: पाठीवर ४५ पौंड घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत. धावायचं नाही, चालतच. जानेवारी २०२४ मध्ये मी ती ४४ मिनिटं १० सेकंदांत केली. वय ४६. त्या दिवशी मी आईला फोन करून तीनदा तेच सांगितलं.

हे सगळं जमलं की कागद एका कार्यालयात जातात आणि पात्रतेचं कार्ड मिळतं. त्याला रेड कार्ड म्हणतात. ते नसेल तर बर्नच्या रेषेवर पाऊल ठेवता येत नाही.

फेब्रुवारीत कागद पाठवले. पाच आठवड्यांनी दोन ओळी आल्या: नावं जुळत नाहीत, योग्य प्रमाणपत्रं पाठवा.

आपल्याकडे नाव कसं असतं? स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकाच रकान्यात छापलेली. इथल्या केंद्र सरकारच्या आणीबाणी कोर्ससाठी जो विद्यार्थी क्रमांक लागतो तो मी २०१९ मध्येच, दुसऱ्या एका कामासाठी, पासपोर्ट समोर ठेवून काढला होता. तिथे माझं आणि नवऱ्याचं नाव मिळून ‘पहिलं नाव’. आगीच्या कोर्सच्या खात्यावर मी रोजच्यासारखं नुसतं नाव-आडनाव टाकलं. पॅक टेस्टच्या कागदावर परीक्षकाने ड्रायव्हिंग लायसन्स बघून लिहिलं, त्यात नवऱ्याचं नाव मधल्या रकान्यात. कार्यालयाच्या लेखी या तीन वेगवेगळ्या बायका होत्या.

मी पासपोर्टची प्रत, लग्नाचा दाखला आणि दोन पानी खुलासा पाठवला. तीन आठवडे काही नाही. मग उत्तर: कोर्स योग्य नावाने पुन्हा करा. केला. त्यासाठी नवा क्रमांक काढला, आणि इथे माझी मोठी चूक झाली, कारण आता माझे दोन क्रमांक झाले आणि अर्धे कोर्स एकावर, अर्धे दुसऱ्यावर. कृपा करून दुसरा क्रमांक कधीही काढू नका. जुन्यावरचंच नाव दुरुस्त करून घ्या.

तोवर जून आला. हंगाम संपत आला. माझ्याबरोबर मैदानात तंबू उघडणारी मुलं चार-चार बर्न करून मोकळी झाली होती, फोटो पाठवत होती. मी फोटोंना अंगठा देत होते आणि मेल पुन्हा पुन्हा ताजी करत होते. नवरा म्हणाला, ‘अगं, माझं नाव काढून टाक ना सगळीकडून.’ तो चांगल्या मनाने म्हणाला, पण मला लागलं. शाळेच्या हजेरीपटापासून आपण तीन शब्दांची माणसं आहोत. एका खिडकीवरच्या माणसाला मधला शब्द कळत नाही म्हणून मी तो का सोडायचा?

सप्टेंबरमध्ये कळलं की माझं प्रकरण बघणारी व्यक्ती बदलली, सगळं पुन्हा पाठवा. नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं की कागद आता पूर्ण दिसतात, पण पॅक टेस्ट वर्षभरच चालते आणि तुमची जानेवारीत संपेल. तो मेल मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाचला आणि गाडीत बसून रडले.

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चालले. ४३ मिनिटं ५ सेकंद. राग पायांत उतरला होता. मग मार्चमध्ये पश्चिमेला पोल्क काउंटीत मोठे वणवे लागले, चक्रीवादळ हेलीनने पाडलेली झाडं तिथे वाळून पडली होती. आमच्या ओळखीचे सगळे तिकडे गेले. माझे कागद पुन्हा मागे पडले, पण त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

एप्रिलमध्ये मी मेल लिहिणं थांबवलं आणि फोन केला. एका बाईंनी उचलला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘तुमचं नाव तुम्ही कसं सांगता?’ चौदा महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मला एका पानावर तिन्ही रूपं, दोन्ही क्रमांक आणि प्रत्येक प्रमाणपत्राची तारीख लिहून द्यायला सांगितली. मी जेवणाच्या सुट्टीत ते केलं. दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. म्हणून सांगते, पहिला मेल अनुत्तरित राहिला की आठवडाभरात फोन करा. आणि असं एक पान पहिल्याच दिवशी कागदांच्या वर लावा.

मधेच आठवलं: बूट. आठ इंच उंच, चामड्याचे लागतात. ते घालून आधी महिनाभर चाला, नाहीतर पॅक टेस्टला फोड येतात. आणि आतले कपडे सुतीच घाला, कृत्रिम धागा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो.

मे महिन्यात पहिला बर्न. साठ एकरांचा तुकडा. आदल्या दिवशी आम्ही सुतारपक्ष्याच्या झाडांभोवतीचा पालापाचोळा रेकने ओढून काढला. ढोलीखाली तो पक्षी साल टोचून डिंक ओघळवतो, सापांना वर चढता येऊ नये म्हणून. पण त्या डिंकाने खोड पेट घेऊ शकतं. सकाळी वारा, आर्द्रता, धूर महामार्गाकडे जाईल का, हे सगळं आराखड्याशी ताडून पाहिलं. आकडे बसले नाहीत तर तिथूनच घरी. बसले. कोपऱ्यात चिमूटभर आग लावून पाहिली आणि मग वारा जिकडे वाहत होता त्या टोकाच्या जाळरेषेवरून, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरून, सुरुवात केली. आग वाऱ्याच्या उलट, मागे सरकत, घोट्याएवढी होऊन जाते.

मला आजोबा आठवले. भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, कवळं, शेण, पातेरा आणि वर माती पसरून झाली की ते वाऱ्याच्या उलट बाजूनेच काडी लावायचे. ‘धावती आग वर वर जळते, सरकती आग नीट भाजते,’ म्हणायचे. तेच मी सँडहिल्समध्ये, पिवळ्या सदऱ्यात, हातात रेक घेऊन बघत होते. दुपारी बर्न बॉसने, म्हणजे बर्नच्या प्रमुखाने, माझ्या हातात ड्रिप टॉर्च दिली. डिझेल-पेट्रोलचं मिश्रण ठिबकत असतं आणि तुम्ही चालता तिथे आगीची ओळ उमटत जाते. तिचं वजन अपेक्षेपेक्षा जास्त असतं, डाव्या हातानेही धरायचा सराव ठेवा.

फाटकापाशी एक वयस्कर शिकारी थांबले होते. मेमध्ये टर्कीची अंडी जळतात, हे त्यांचं म्हणणं. बर्न बॉसने ते नाकारलं नाही. काही घरटी जातात, माद्या बहुतेकदा पुन्हा अंडी घालतात, आणि झुडपं वाढू दिली तर पिल्लं घेऊन माद्या इथे फिरकणारच नाहीत, असं त्याने सांगितलं. शिकाऱ्याला ते पूर्ण पटलं नाही. पण रात्री आठला आम्ही धुमसणारे बुंधे विझवत होतो, तेव्हा ते आमच्यासाठी थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आले.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले. आम्ही मेमध्ये जाळलेल्या तुकड्यात वायरग्रासला कंबरेएवढे सोनेरी तुरे आले होते. शेजारचा तुकडा त्या वर्षी जाळलाच नव्हता, तिथे जवळजवळ तुरे नव्हते. हे गवत वाढीच्या दिवसांत आग लागली तरच नीट फुलतं. आईला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, ‘आपल्या वरकस जमिनीवरच्या गवतासारखं दिसतंय गो.’

जानेवारीत पुन्हा पॅक टेस्ट आहे. दर शनिवारी सकाळी साडेसातला मी अमेरिकन टोबॅको ट्रेलवर वजन घेऊन चालते. कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्सकडचं कोणी येणार असेल तर पहिले दोन आठवडे २५ पौंडच घ्या, आणि येताना आपला विद्यार्थी क्रमांक कुठल्या नावावर आहे ते तपासून या.