तुम्ही विचारलंत म्हणून: काँगोतल्या बेनीतले लोक इबोलाची लस का घेत नव्हते?

पंगतीत असो की सोसायटीच्या मीटिंगमध्ये, प्रश्न तोच: "लस फुकट, माणसं मरतायत, तरी ते लोक गाड्यांवर दगड मारत होते? इतके अडाणी?" तोंडी सांगायला घेतलं की विषय बदलतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

अडाणी नव्हते. काँगोच्या पूर्व भागात, उत्तर किवू प्रांतात बेनी आहे. 2014पासून त्या भागात सशस्त्र टोळ्या कोयत्यांनी माणसं कापत होत्या. 1 ऑगस्ट 2018ला इबोलाची साथ जाहीर झाली आणि आमच्या, म्हणजे लस देणाऱ्या पथकांच्या, गाड्यांची रांग लागली. "आम्ही कापले जात होतो तेव्हा या गाड्या कुठे होत्या?" हे मी जवळजवळ रोज ऐकलं. डिसेंबरात साथीचं आणि असुरक्षिततेचं कारण देऊन बेनी आणि शेजारच्या बुटेंबोतलं अध्यक्षपदाचं मतदान मार्चवर ढकललं. देशाचे नवे अध्यक्ष मात्र जानेवारीतच शपथ घेऊन मोकळे. बाजार चालू, चर्च चालू, मतदान तेवढं बंद. तुम्ही विश्वास ठेवला असतात? 1897च्या प्लेगात सोजिर घरात घुसून झडत्या घेत होते तेव्हा पुणं कसं खवळलं, ते आपण अभिमानाने सांगतो. बेनीवाल्यांना मात्र अडाणी म्हणतो.

हे सगळं खरं आहे, आणि याच्या आड मला लपताही येतं. म्हणून ती दुपार सांगते.

एका घरातली म्हातारी इबोलाने गेली होती. संपर्कातल्या माणसांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना लस द्यायची, अशी पद्धत होती. यादीत अकरा नावं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, शेजारी उणे साठच्याही खाली थंड ठेवलेल्या लशीचा डबा. मी बोलायचं आणि आमचा स्थानिक सहकारी नांदे भाषेत सांगायचा. मी म्हणाले, "लस सुरक्षित आहे. मी स्वतः घेतली आहे." दंड उघडा करून दाखवला. माना डोलल्या.

मग संमतीपत्र वाचायला घेतलं. यादीतल्या धाकट्या सुनेला सातवा महिना होता. नियमाप्रमाणे तिला लस नाही. तिची सासू उठली. तिथे वडीलधाऱ्या बाईला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. ही मामा माझ्यासमोर येऊन शांतपणे म्हणाली, "सुरक्षित आहे म्हणालीस ना? मग तिलाच का नाही?"

लशीत जिवंत विषाणू असतो, गर्भारपणातली माहिती पुरेशी नव्हती, परवाना मिळायचा होता म्हणून हे सगळं खास परवानगीने चाललं होतं. उत्तर होतं माझ्याकडे, पण ते तिने विचारल्यावर बाहेर आलं. आधी माहीत असून मी गाळलं होतं, कारण लोक बिचकतील, अंगणात थोडक्यात आणि ठामच बोलावं लागतं, असं मला वाटायचं. माझा सहकारी भाषांतर करता करता मध्येच थांबला. एकेक करून अकराही खुर्च्या रिकाम्या झाल्या. डब्याचं झाकण उघडलंच नाही.

नवव्या दिवशी त्या सुनेच्या नवऱ्याला ताप भरला. तो वाचला नाही.

लशीचा परिणाम दिसायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे त्या दुपारी त्याने ती घेतली असती तरी कदाचित हेच झालं असतं. हा हिशेब मी किती वेळा मांडलाय! कधी वाटतं, मी मुद्दाम मांडते, सुटायला. शिवाय पुढे 2019मध्ये नियम बदलला आणि गर्भवतींनाही लस मिळू लागली. म्हणजे त्या मामाने विचारलेलं आमच्या वरच्यांनाही पटलं. पण तोवरचे महिने?

त्यानंतर मी प्रत्येक अंगणात आधी सांगायचे की ही लस कुणाला मिळणार नाही आणि का. काही ठिकाणी त्यामुळेच लोक उठून गेले. तेव्हाची मी आज भेटले तर म्हणेल, "बघ, मी सांगत होते ना!" तिला काय उत्तर द्यावं, मला कळत नाही. तीन लाखांवर लोकांनी लस घेतली, तरी 25 जून 2020ला साथ संपली तेव्हा 2,287 माणसं गेलेली होती.

ती सून वाचली. बाळाचं विचारायला मी त्या घरी गेले होते. मामाने दार उघडलं, मला ओळखलं, आणि परत लावून घेतलं.