बी.कॉम.नंतर यूएक्स डिझाइन : सोलापुरातून केलेली सुरुवात

सोलापुरात बी.कॉम. झालेल्या मुलीला घरचे, शेजारचे आणि लग्नकार्यात भेटणारे सगळे एकच विचारतात : बँकेच्या परीक्षा देणार, की टॅली करून एखाद्या सीएकडे लागणार? मी तिसरंच काहीतरी केलं. आज मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत यूएक्स डिझायनर आहे. ज्यांच्या हातात नुकतीच डिग्री पडली आहे आणि ज्यांच्या घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

यूएक्स म्हणजे यूजर एक्सपीरियन्स. ॲप, वेबसाइट, एटीएम किंवा तिकिटाचं मशीन वापरताना माणूस कुठे अडतो, का अडतो, हे शोधून ती अडचण दूर करायची, हे आमचं काम. रंग, अक्षरं, बटणं हा यूआयचा, म्हणजे यूजर इंटरफेसचा भाग. तो नंतर येतो. आधी माणसांशी बोलावं लागतं, त्यांच्या शेजारी बसून बघावं लागतं. चित्रकला चांगली नसेल तर जमणार नाही, अशी भीती अनेकांना वाटते. ती मनातून काढून टाका. ज्या डॉन नॉर्मन यांनी १९९३ मध्ये ॲपलमध्ये स्वतःच्या पदाच्या नावात ‘यूजर एक्सपीरियन्स’ घेतलं, त्यांची पीएच.डी. मानसशास्त्रातली आहे.

शिकायला मला फारसा खर्च आला नाही. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि सुरुवातीला त्याचा फुकटचा प्लॅन पुरतो. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर गूगलचा यूएक्सचा सर्टिफिकेट कोर्स आहे. फी परवडत नसेल तर तिथे आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने चालवलेली डी-सोर्स ही साइट मोफत आहे आणि तिच्यातली उदाहरणं आपल्या देशातली आहेत. ॲप वापरायला सोपं आहे का हे तपासायचे, यूएक्सतज्ज्ञ जेकब नील्सन यांचे १९९४ चे दहा नियम मी वहीत उतरवून घेतले होते आणि बाबांच्या मोबाईलमधलं एकेक ॲप त्या नियमांवर घासून बघत होते. नोकरीची हमी देऊन भरमसाट फी घेणारे क्लास मात्र मी टाळले. नोकरीची हमी क्लासवाला देऊच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खरी गाडी अडते ती पोर्टफोलिओपाशी, म्हणजे आपण केलेल्या कामांच्या संग्रहापाशी. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पोर्टफोलिओ नाही. बहुतेक फ्रेशर मग जेवण मागवण्याचं किंवा गाणी ऐकण्याचं एखादं प्रसिद्ध ॲप घेतात आणि त्याचे पडदे (स्क्रीन) नव्याने रंगवतात. मुलाखत घेणाऱ्यांनी असे पोर्टफोलिओ ढिगाने पाहिलेले असतात. त्यात तुम्ही कुणाला भेटलात, काय पाहिलंत, हे कुठेच नसतं.

माझी एक मैत्रीण विडी घरकुलात, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. तिच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. त्या एका सरकारी योजनेचा ऑनलाइन अर्ज भरत होत्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, फक्त बघायचं, असं ठरवून. मावशींनी नाव, पत्ता, खातं क्रमांक व्यवस्थित भरला. आकड्यांत त्या पक्क्या. विड्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. मग ओटीपीचा पडदा आला आणि त्या थांबल्या. “नंबर पोराचं दिलंय की गं. ते पुण्यात हाय, ड्युटीवर.” पोराला फोन लावला, त्याने उचलला नाही. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला, तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा ओटीपी मागवायला मागे गेल्या तर भरलेला सगळा अर्ज कोरा.

त्यानंतर त्याच भागातल्या आणखी काही बायकांना असंच भेटले. साधारण पाच जणांसोबत चाचणी केली की बहुतेक मोठे दोष वर येतात, असं नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं. माझ्या बाबतीत तर तिसऱ्या घरापर्यंतच चित्र स्पष्ट झालं. एकीचा नंबर नवऱ्याचा, एकीचा दिराचा, एकीचा रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला. अर्ज बनवणाऱ्याने धरून चाललेलं की एक माणूस, एक मोबाईल, एक नंबर. इथे मोबाईल घराचा असतो.

उपाय सोपा नव्हता. आई पोराला फोन करून ओटीपी विचारते, आणि बँका तर सतत बजावतात की ओटीपी कुणालाही सांगू नका. दोन्ही बाजू खऱ्या. म्हणून मी पहिल्याच पडद्यावर ‘आधार, पासबुक आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येईल तो जवळ घ्या’ ही सूचना मोठ्या अक्षरात ठेवली. भरलेली माहिती आपोआप जतन होईल असं केलं. आणि ओटीपीच्या मेसेजमध्ये कुणाचा, कशाचा अर्ज आहे हे लिहिलं, म्हणजे पुण्यात बसलेल्या पोराला तो आईचाच आहे हे कळेल. फिग्मात नमुना बनवून तो पुन्हा त्याच बायकांना दिला. पहिला पडदा वाचून एक मावशी आधी उठल्या आणि दिराला हाक मारायला गेल्या. मला तेवढंच पाहायचं होतं.

केस स्टडी लिहिताना मी हे सगळं क्रमाने मांडलं : काय पाहिलं, कशावरून हा निष्कर्ष काढला, कोणता पर्याय सोडला आणि का. मुलाखतीसाठी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठलं. तिथे बहुतेक वेळ या एकाच प्रकल्पावर गेला. “मुलाने ओटीपी सांगितला नाही तर?” “मुदत वाढवली तर सुरक्षिततेचं काय?” असे प्रश्न आले. उत्तरं देता आली, कारण प्रत्येक प्रश्नामागचा माणूस मी पाहिला होता. आधी स्टायपेंडवर इंटर्नशिप मिळाली, मग नोकरी.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र निवडीची परीक्षा म्हणून त्यांचं अख्खं ॲप नव्याने डिझाइन करून मागितलं होतं, बिनपैशात. मी नम्रपणे नकार दिला. काही तासांची असाइनमेंट रास्त आहे, पण कंपनीचं खरं काम फुकटात करून देऊ नका.

पुढे शिकायचं असेल तर एम.डेस. या डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी सीईईडी ही प्रवेशपरीक्षा आहे. ती आयआयटी मुंबई घेते आणि परीक्षेला बसायला तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते; प्रवेशाच्या अटी मात्र त्या त्या संस्थेच्या बघून घ्या. भाषेवर प्रेम असलेल्या आर्ट्सच्या मुलांनी यूएक्स रायटिंगकडे जरूर बघावं. पडद्यावरचं एकेक वाक्य लिहिणं हे स्वतंत्र काम आहे आणि नीट मराठी लिहिणारी माणसं त्यात कमी दिसतात.

माझ्या सध्याच्या कामातही मराठी रोज लागते. इंग्रजी मजकूर धरून आखलेल्या बटणात मराठी भरलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, कारण देवनागरीला ओळीची उंची जास्त लागते. टीममध्ये हे मी पडद्यावर दाखवलं, तेव्हापासून आमचा कुठलाही पडदा मराठीत भरून बघितल्याशिवाय डेव्हलपरकडे जात नाही.